काचेतला लिंब

आमच्या घरात एक बोलणं रूढ आहे, ते बाहेर कुठं ऐकायला मिळणार नाही. दूध नासलं, लावलेलं रोप जळालं, दळणात किडे निघाले की बायका म्हणतात, "अक्काचा हात लागला जणू." कुणी रागानं म्हणत नाही. सवयीनं म्हणतात.

गेल्या श्रावणात नातसुनेनं विचारलं, ही अक्का कोण? घरात नवी आलेली, तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुतण्यानं तिला सांगितलं, "आमची आत्या. तिच्या हातचे दाणे खाऊन पाखरं मरायची. आमच्या वडलांनी पारख करून बघितली होती." पुतण्या त्या वेळी पाळण्यात होता, त्यानंही हे ऐकूनच सांगितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण त्या दिवसांतला आता मी एकटाच उरलोय. मी होकारार्थी मान हलवली.

ती मान मी हलवायला नको होती. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

अक्का माझी बहीण. अण्णा थोरले, त्यांच्याहून अक्का दोन वर्षांनी धाकटी, आणि मी शेंडेफळ. मला कळायला लागलं तेव्हा ती ईटच्या सासरहून परत आलेली होती. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. नळदुर्गात आमचं भुसार मालाचं दुकान. रस्त्याच्या अंगाला दुकान, मागं अंगण, अंगणात एक मोठा लिंब आणि त्यापलीकडं राहतं घर. अक्का सकाळी लिंगपूजा आटोपली की ओंजळभर ज्वारी घेऊन लिंबाखाली यायची आणि दाणे टाकायची. पाखरानं पहिला दाणा उचलला की मगच ती तोंडात पाण्याचा घोट घ्यायची. आमच्या आईचं माहेर कानडी मुलखातलं, म्हणून अक्का चिमण्यांना गुब्बी म्हणायची. एखाद्या दिवशी पाखरं उशिरा आली तर वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "झाली का न्हाय तुमच्या गुब्ब्यांची न्याहारी? आमची भाकर गार व्हाय लागलीय."

तिच्या हाताला गुण आहे असं तेव्हा सगळं घर मानत होतं. रब्बीची ज्वारी पेरायच्या दिवशी तिफणीची पूजा होई, आणि चाड्यात, म्हणजे ज्यातून बी खाली नळ्यांत उतरतं त्या लाकडी वाटीत, पहिली मूठ अक्का सोडायची. विधवेच्या हातची मूठ कशी चालते म्हणून शेजारपाजारी कुजबुज होती. वडील म्हणायचे, आमच्यात चालते. वडील गेल्यावर अण्णांनीही ते चालू ठेवलं. वर्षातून त्या एका दिवशी अक्का सगळ्यांच्या पुढं उभी असायची. एरवी ती मागंच असायची.

काच मी आणली.

मॅट्रिकसाठी दोन वर्षं मी सोलापुरात राहिलो होतो. मॅट्रिक झालो नाही, पण तिथं खिडकीला काच बघितली. आमच्याकडं खिडकी म्हणजे लोखंडी गज आणि लाकडी झडपा. झडप लावली की अंधार, उघडली की धूळ. पोलीस ॲक्शनच्या आधी चार-पाच वर्षं अण्णांनी घरावर माडी चढवली. पाहुण्यांना, सरकारी माणसांना बसवायला एक चांगली खोली हवी होती. मी हट्ट धरला की माडीला काचा बसवायच्या. अण्णा म्हणाले, काच फुटायची वस्तू आहे, आपण भुसारवाले, आपल्याकडं पोती आपटतात. मी ऐकलं नाही. महायुद्ध चालू होतं, नवी काच मिळत नव्हती. सोलापुरात एका साहेबाचा जुना बंगला पाडत होते, तिथून चार मोठ्या काचा उचलल्या. कडब्यात गुंडाळून बैलगाडीतून आणल्या. मोगलाईची हद्द लागली तिथं करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर गाडी अडवली. तिथल्या जमादारानं कडबा बाजूला करून काचेत आपली मिशी बघितली, नीट केली आणि विचारलं, "इतना बडा आईना किसके वास्ते?" मी म्हणालो, हा आरसा नव्हे, ही काच आहे, यातून पलीकडचं दिसतं. तो म्हणाला, "मुझे तो मैं दिख रहा हूँ."

त्याचं ते बोलणं मी गावभर हसत सांगितलं. त्याला जे एका नजरेत दिसलं होतं ते मला पुढं दोन महिने कळलं नाही.

माडीची खिडकी पश्चिमेला होती. अंगणाकडं, लिंबाकडं तोंड करून. आषाढात काचा बसल्या. गावातले लोक बघायला आले. "काचेची माडी" असं नाव पडलं आणि माडीवाला म्हणून मला ओळखू लागले. मी तिथंच निजायला लागलो.

बसवल्यानंतर चौथ्या का पाचव्या दिवशी सकाळी धप्प असा आवाज झाला. कुणीतरी ओल्या फडक्याचा बोळा फेकावा तसा. खाली जाऊन पाहिलं तर अंगणात साळुंखी पडली होती. मान लुळी, डोळे उघडे, चोचीत ज्वारीचा दाणा. मला वाटलं, एखादं पाखरू चुकतं. दोन दिवसांनी चिमणी. मग बुलबुल. त्या श्रावणात मी जेवढी पाखरं हातात धरून बघितली तेवढी पुढं आयुष्यात कधी बघितली नाहीत. बुलबुलाच्या बुडाशी लाल डाग असतो तो लांबून दिसतो त्याहून कितीतरी गडद असतो. साळुंखीच्या डोळ्यामागची पिवळी कातडी हाताला रबरासारखी लागते. चिमणी तर हातात असूनही नसल्यासारखी. एवढ्या हलक्या जिवाला मरण्याइतका जोर कुठून येतो, हे मला कळेना. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर कुतूहल जास्त वाटत होतं.

मी बघत बसायला लागलो. दुपारी काही होत नाही. संध्याकाळी ऊन थेट काचेवर येतं, तेव्हाही नाही. होतं ते सकाळीच, आणि तेही अण्णा दुकान उघडतात तेव्हा. दुकानाला लाकडी फळ्या होत्या. अण्णा एकेक फळी काढून दगडी जोत्यावर आपटत ठेवायचे. पहिल्या फळीचा आवाज झाला की लिंबाखाली टिपणारी सगळी पाखरं भुर्रकन उठायची आणि आवाजापासून लांब, घराच्या दिशेनं सुटायची. पूर्वी ती घरावरून शेतांकडं निघून जात. आता तिथं माडी उभी होती.

पण माडी तर त्यांना दिसत असणार. भिंतीवर ती आपटत नव्हती. काचेवरच का?

उत्तर मला कबुतराच्या जातीच्या एका होल्यानं दिलं. त्या सकाळी मी अंथरुणातच होतो. पहिली फळी वाजली, पाठोपाठ मोठा धप्प. उठून बघतो तर काचेवर होला उमटलेला. होल्याच्या पिसांवर पिठासारखी भुकटी असते, ती सगळी काचेला लागली होती. दोन्ही पंख पसरलेले, एकेक पीस मोजता यावं असं, मधे छातीचा गोल आणि वर एका अंगाला वळवलेलं डोकं, चोचीसकट. रांगोळीनं काढला असता तर इतका नीट आला नसता. पंख पूर्ण उघडे होते. म्हणजे समोर काही अडसर आहे असं त्याला शेवटपर्यंत वाटलंच नव्हतं.

मी खाली अंगणात जाऊन लिंबाला पाठ लावून उभा राहिलो आणि वर बघितलं. सूर्य घराच्या मागं होता. त्याचं ऊन लिंबावर पडलं होतं आणि माडीच्या आत अंधार होता. खिडकीत लिंब उभा होता. फांद्या, पानं, मागचं आभाळ, सगळं. पाखरं दुकानाच्या आवाजाला भिऊन या लिंबावरून त्या लिंबाकडं जात होती. मला करोडगिरीचा जमादार आठवला.

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. गणित सुटावं तसा. मी धावत वर आलो, आणि तेवढ्यात अण्णा जिना चढताना ऐकू आले. मी धोतराचा सोगा तोंडात ओला केला आणि खिडकी उघडून, बाहेर हात घालून होल्याचा ठसा पुसून टाकला.

का पुसला ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. आज सांगतो. दसऱ्याला सोलापूरचे सोयरे मला बघायला यायचे होते. काचेच्या माडीचं वर्णन मीच मध्यस्थाच्या कानावर घातलं होतं. अण्णा तापट होते. काचेपायी पाखरं मरतात असं कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी हातोडी घेतली असती आणि वर "म्या सांगितलं व्हतं" हे वर्षभर ऐकवलं असतं. सोयरे जाईपर्यंत थांबावं, मग सांगावं, असं मी ठरवलं. तोवर उपाय करू. दुसऱ्या दिवसापासून मी ओलं धोतर खिडकीवर बाहेरून वाळत घालायला लागलो. चार दिवस एकही पाखरू मेलं नाही. पाचव्या दिवशी अण्णांनी खालून बघितलं. "काच आणली ती धोतर वाळवायला व्हय? आख्खं गाव बघतंय." मी धोतर काढलं. दुसऱ्या सकाळी दोन साळुंख्या पडल्या.

इकडं घरात वेगळाच हिशोब मांडला जात होता, त्याची मला उशिरा कल्पना आली. पाखरं पडत ती वहिनींना झाडताना सापडत. चोचीत दाणे असत. दाणे अक्काचे. सालगड्यानं पहिल्यांदा ते तोंडावर आणलं. अण्णांनी आधी ज्वारीवर संशय घेतला. त्याच पोत्यातली ज्वारी बैलांना घातली, स्वतः भाजून खाल्ली. काही झालं नाही. मग उरला हात.

अण्णा अडाणी नव्हते. धान्य हातात घेऊन त्यातली ओल सांगणारे होते. कुठलीही गोष्ट तपासून घ्यायची त्यांना सवय होती, आणि हीही त्यांनी तपासली. त्याच पोत्यातली ज्वारी, त्याच जागी, त्याच वेळेला, फक्त अक्काऐवजी वहिनींच्या हातानं टाकून बघायची. एवढं मोठं काम, तेव्हा दिवस चांगला हवा. त्यांनी श्रावणातला शेवटचा सोमवार धरला.

श्रावणातल्या सोमवारी आमचं दुकान दुपारपर्यंत उघडत नसे. सकाळी सगळे महादेवाला जात. फळ्या निघत नसत.

वहिनींनी दाणे टाकले. पाखरं आली, पोटभर टिपली, एकेक करून सावकाश उडून गेली. एकही मेलं नाही. अण्णा अंगणात हात मागं बांधून बघत होते. अक्का दारात उभी होती. मी माडीवर होतो. का मेली नाहीत ते त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. "उद्या फळ्या काढताना हेच करून बघा," एवढं एक वाक्य पुरलं असतं.

मंगळवारी अक्कानं दाणे टाकले नाहीत. तिला कुणी नको म्हणालं नव्हतं. वहिनींनीही टाकले नाहीत, त्यांना ती आवड नव्हती. टिपायला दाणेच नसल्यानं पाखरं कमी येऊ लागली, मरणंही कमी झालं, आणि घरातला संशय आणखी घट्ट झाला.

हस्ताच्या तोंडी पेरणी ठरली. आदल्या दिवशी दुपारी अक्का लिंबाखाली बी निवडत बसली होती. मला तिनं हाक मारून जवळ बसवलं. उद्या मूठ कुणाची, हे अण्णांनी अजून सांगितलं नव्हतं. तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तू माडीवर निजतूस. तुला वरून सगळं दिसतं. काय दिसलं असंल तर सांग."

मी म्हणालो, "काय दिसणार?"

"माझी मूठ ऱ्हाऊ दे. पाखरं का मरत्यात त्ये तरी मला कळू दे."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिलाही ते माझ्यासारखंच खरोखर जाणून घ्यायचं होतं. आमच्या घरात ही ओढ आम्हा दोघांनाच होती. इतर कुणी पाखरांकडं बघत नसे. ती वर बघत होती, आणि तिच्या डोक्यावर, माडीच्या काचेत, लिंब हलत होता. जिथं ती बसली होती तिथून तो तिलाही दिसत होता. तिनं तो रोज बघितला असणार. पण पाखरू होऊन बघायचं तिला सुचलं नाही, आणि ते मी सुचवलं नाही.

"मला काय न्हाय दिसलं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुन्हा बी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेतात तिफणीची पूजा झाली. अक्कानं सवयीनं बियाच्या पाटीकडं हात नेला. अण्णा हळूच म्हणाले, "औंदा हिला धरू दे मूठ." वहिनींनाही अवघडल्यासारखं झालं होतं, त्या पुढं होईनात. शेवटी अक्कानंच पाटी उचलून त्यांच्या पुढं धरली. पाटी धरताना तिनं हाताला पदर गुंडाळून घेतला होता. बियाला हात लागू नये म्हणून. ते कुणी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला सोयरे आले, काचेच्या माडीवर बसले, माझं लग्न ठरलं. त्या बायकोबरोबर मी पन्नासच्या वर वर्षं संसार केला, तिलाही हे सांगितलं नाही. दिवाळी झाल्यावर अक्का म्हणाली, ईटला दिरांकडं जाऊन येते. अण्णांनी गाडी जुंपून दिली. ती परत राहायला आली नाही.

ती गेली आणि मला माडीवर बसवेना. आठ दिवसांत मी चुना कालवून काचांना बाहेरून त्याचा हात मारला. अण्णांनी विचारलं तर सांगितलं, दुपारचं ऊन आत येतं, खोली तापते. ते त्यांना पटलं, कारण ते खरंही होतं. त्यानंतर एकही पाखरू मेलं नाही. मी ते पाखरांसाठी केलं होतं, आणि थोडं माझ्या मनासाठी. घरानं त्याचा अर्थ लावला तो असा, की अक्का गेली आणि मरण थांबलं. उरलासुरला संशय मी चुन्यानं मिटवला.

आता पुतण्यानं बंगला बांधला आहे. सरकत्या काचा, जिकडं बघाल तिकडं. नातसुनेनं ज्या दिवशी अक्काविषयी विचारलं, त्यानंतर पंधरवड्यानं एका सकाळी जिन्यावरच्या काचेवर होला उमटलेला दिसला. पंख पसरलेले, डोकं एका अंगाला. तेव्हाचा आणि हा, सख्खे भाऊ वाटावेत. या वेळी मी पुसला नाही. नातसून फडकं घेऊन आली तिलाही पुसू दिला नाही. सगळ्यांना बोलावून दाखवला, अंगणात नेऊन काचेतलं झाड दाखवलं, आणि फळ्यांचं, सोमवारचं, चुन्याचं, सगळं सांगितलं.

पुतण्या पुन्हा जिन्यावर जाऊन तो ठसा बघून आला. मग म्हणाला, "काका, तवाच का बोलला न्हाईत?" मी सोयऱ्यांचं सांगितलं. एवढ्यासाठी, असं तो म्हणाला नाही. नातसुनेनं मात्र विचारलं, मग अक्कांना पुढं कळलं का? मी म्हणालो, नाही. तिथं माझा धीर सुटला, म्हणून पुढचं घरात सांगितलं नाही. ते इथं लिहितो.

पोलीस ॲक्शननंतर, रस्ते मोकळे झाल्यावर, मी ईटला गेलो होतो. सकाळची वेळ होती. अक्का दिरांच्या अंगणात पूजा आटोपून बसली होती. अंगणात पाखरंच पाखरं. मला बरं वाटलं. मनात म्हणालो, आता सांगतो. तिनं माझं, बायकोचं, अण्णांचं विचारलं. मग ज्वारीचं सूप उचललं. दाण्याला बोट न लावता तिनं ते दोन्ही कडांनी धरलं आणि अंगणात तिरकं केलं. दाणे सुपावरून घसरत खाली गेले. पाखरं तुटून पडली.

ती त्यांच्याकडं बघतच म्हणाली, "तिकडं आता मरत्यात का रं पाखरं?"

"न्हाय," मी म्हणालो. "आता न्हाय मरत."

ते खरं होतं. ती "बरं झालं" म्हणाली, सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि पाण्याचा घोट घेतला.